संकासुराचो झगो

काळा म्हणजे काळा, त्यात निवडायचं काय, अशी माझी बेचाळीस वर्षं समजूत होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कापडवाल्याने सात काळी ठाणं पुढ्यात टाकली, तेव्हा ती गेली.

"मंत्री येतात काय गावात? झेंड्यांसाठी?" त्याने विचारलं.

"नाही. संकासुर करायचाय."

हे ऐकून दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. दशावतारावर मत नसलेला माणूस आमच्या पट्ट्यात अजून जन्मायचा आहे.

झालं असं, की वाडीतल्या पोरांनी यंदा शिमग्यात दशावतार करायचं ठरवलं. दशावतारी नट आपला रंग आपण लावतो, आपला पोशाख आपण चढवतो. त्यामुळे ज्याचं सोंग त्याचा कपडा, असा ठराव झाला. विष्णूने मावशीचं पिवळं रेशमी लुगडं पळवलं आणि पीतांबराचा प्रश्न मिटवला. रिद्धी-सिद्धी झालेल्या दोघा मुलग्यांना आयांच्या साड्या मिळाल्या. आमचा नऊ वर्षांचा चिरंजीव संकासुर, म्हणजे वेद चोरणारा, लाल जीभ लोंबवणारा काळा असुर. डोक्यापासून पायापर्यंत पुरेल एवढं काळं कापड कोणाच्याच पेटीत निघेना. गावात एके काळी सूतगिरणी होती, आता बंद आहे. ती चालू असती तरी तिथे सूत निघालं असतं, झगा नव्हे.

बायको गोव्यात नोकरीला, पहाटे जाते ती दिवेलागणीला येते. म्हणून शिवणखातं माझ्याकडे आलं.

साटन मला फार आवडलं. त्यावर एक आजोबा म्हणाले, "उजेडात चकाकतला. संकासुर हा, नवी छत्री न्हय." मखमल राजाला शोभते, शिवाय आमच्या दमट हवेत पोर आतल्या आत उकडलं असतं. टेरीकॉट घाम पीत नाही. शेवटी काळ्या मांजरपाटावर एकमत झालं. छत्तीस इंच पन्हा, म्हणून साडेतीन मीटर. तोंडावरच्या बुरख्याला अर्धा मीटर मलमल, नाहीतर संकासुर चाचपडत समोरच्या पेटीवाल्यावर जाऊन पडायचा. आणि जिभेसाठी टीचभर लाल.

येताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली. गोव्याकडून येणाऱ्या गाडीत फुगलेलं गाठोडं दिसलं तर काय शंका येणार, हे सांगायला नको. हवालदारांनी गाठोडं दाबून पाहिलं, बाटली लागेना.

"ह्या काय?"

"संकासुर."

त्यांनी जीभ हातात घेऊन निरखली. "ही आखूड हा. कंबरेपर्यंत व्हयी," म्हणाले, आणि सोडलं.

घरी आईने कापड नाकाशी धरलं. "खळ हा. रातभर भिजत घाल, मगे कातर लाव." मी लाल तेवढं भिजवलं, कारण लालाचा रंग जातो हे मलाही ठाऊक होतं. मिठाने रंग बसतो म्हणून आईने मूठभर मीठ टाकलं. रंग बसला, त्याच बादलीत चुकून पडलेल्या माझ्या बनियनवर. ते अजून गुलाबी आहे. काळं भिजवायला मात्र वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी तालीम होती. मी उभा धागा, आडवा धागा असं काही न बघता कापलं, आईने पायमशीन चालवलं, आणि झगा असा बेतशीर बसला की मी दोन दिवस वाडीत उगाच फिरत होतो.

तालमीनंतर संकासुर काजूच्या बागेत गेला. बोंडाचा डाग कपड्यावरून जन्मात जात नाही, पण काळ्यावर तो दिसतच नाही. संकासुराचा रंग ठरवणाऱ्या पूर्वजाला कोकणातली पोरं माहीत असणार. चिखल मात्र दिसत होता. म्हणून झगा धुतला.

विणताना ताणून धरलेलं सूत पाणी लागताच सैलावतं, फुगतं, आणि कापड आटतं. हे मला नंतर कळलं. आईला आधीपासून माहीत होतं, पण ती शास्त्र सांगत नाही, फक्त "भिजत घाल" म्हणते. झगा चांगला चार बोटं आटला. खांदे जुळेनात, बाह्या कोपरापर्यंत आल्या. प्रयोगाला अर्धा तास उरला होता. तसाच कोंबला त्याला आत.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, जागच्या जागी सुचेल ते बोलायचं. विष्णू लुगडं सावरत गरजला, "दुष्टा, वेद चोरून कुठे लपवलेस?"

संकासुराने दोन्ही हात वर करायचा प्रयत्न केला. काखेत टर्रकन आवाज झाला.

"चोरतलंय कसो? माझे हातच अडाकले हत!" जीभ हलवत तो प्रेक्षकांकडे वळला. "आमच्या बाबान कपडो भिजवल्यान नाय!"

पेटीवाल्याने सूर सोडला, इतका तो हसत होता. आईने पदर तोंडाला लावला होता. मी गुलाबी बनियनवर सदऱ्याची वरची दोन बटणं लावून घेतली.