आयल्ट्स देणाऱ्या किनारपट्टीच्या उमेदवारांस सूचना

सर्वप्रथम, भिऊ नये. या किनाऱ्यावर पहिली परीक्षा इंग्रजांनीच दिली आहे आणि ते तिच्यात नापास झाले आहेत. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याचे आरमार खांदेरी घ्यायला आले. १७२१ साली पोर्तुगीजांना सोबत घेऊन त्यांनी कुलाबा किल्ल्यावर पुन्हा प्रयत्न केला. दोन्ही वेळा कान्होजी आंग्र्यांनी त्यांना आल्या वाटेने परत पाठवले. पूर्वतयारी कमी पडली, असा शेरा आजच्या क्लासवाल्यांनी मारला असता आणि तिसऱ्या बॅचची फी घेतली असती. तीनशे वर्षांत बाजू फिरली. आता प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे आहे आणि आपला मुलगा पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अलिबागच्या एसटी स्टँडवर उभा आहे.

ज्यांना आंग्र्यांचा दाखला फारच दर्यावर्दी वाटेल त्यांनी चिंतामणराव देशमुखांचा घ्यावा. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्यातले, आणि १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिला नंबर. मात्र हा दाखला वडिलांसमोर काढू नये. ते तो पुढची दोन वर्षे तुमच्याविरुद्ध वापरतील.

परदेशी कशाला जायचे हे ठरल्यावर परीक्षा निवडावी, असा खरा क्रम आहे. आपल्याकडे शेजारच्याने कोणती दिली यावर ती ठरते. नर्सिंग झालेल्या मुलीसाठी ओईटी म्हणून वेगळी परीक्षा आहे. तिच्यात रुग्णाशी किंवा त्याच्या नातेवाइकाशी नाटकातल्यासारखा संवाद करायचा असतो आणि रुग्णाला पुढे पाठवण्याचे पत्र लिहायचे असते. सरकारी दवाखान्यात रात्रपाळी केलेल्या मुलीला हा संवाद अगदीच पोकळ वाटतो. नातेवाईक एकच, तोही खुर्चीवर बसून, आणि कोणाचाही भाचा नगरसेवक नाही. पीटीई नावाच्या परीक्षेत बहुतेक गुण कॉम्प्युटर देतो; त्याच्यापुढे लाजू नये, त्याला कशाचेच काही वाटत नाही. जहाजावर जाणाऱ्यांना कंपनीचा एजंट बहुधा मार्लिन्स नावाच्या टेस्टला बसवतो.

जहाजाचा विषय निघाला म्हणून सांगतो. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या घरांत बोटीवर आणि आखातात गेलेली माणसे पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यातल्या एखाद्या आजोबांना आयल्ट्सची फी ऐकवून पाहावी. पंधरा हजारांच्या वर म्हटल्यावर ते आधी कानातले मशीन तपासतात. त्यांचे इंग्रजी चाळीस-पन्नास शब्दांचे होते आणि त्यावर त्यांनी अर्धे जग पाहिले. ते अडाणीपणाने बोलत होते असेही नाही. समुद्रावर इंग्रजी कसे बोलावे याचे नियम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली ठरवून दिले आहेत: वाक्य छोटे, अर्थ एकच, आणि कोणी काही विचारले तर नुसते ‘येस’ न म्हणता पुढे सगळे वाक्य पुन्हा म्हणायचे. म्हणजे अंधारात दोन बोटी एकमेकींवर आदळत नाहीत. आयल्ट्सच्या निबंधात नेमके उलटे करावे. तिथे साधा शब्द दुसऱ्यांदा आला तर गुण जातो. कोणाचा जीव मात्र जात नाही. आजोबांना हा फरक समजावण्याच्या भानगडीत पडू नये.

आता प्रत्यक्ष परीक्षा. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे तिचे चार भाग. गुण शून्य ते नऊ, आणि मध्ये अर्धे-अर्धे. त्यांना बँड म्हणतात. लग्नातल्या बँडशी त्यांचा संबंध पुढे, स्थळे येऊ लागल्यावर येतो.

ऐकण्याला अर्धा तास आणि चाळीस प्रश्न. रेकॉर्डिंग एकदाच वाजते. याचा सराव स्टँडवरच्या घोषणांवर करावा. त्याही एकदाच होतात, त्यांचाही आवाज घुमून येतो, आणि ‘मुरूड’ होते की ‘मुंबई’ हे ज्याला पहिल्या फटक्यात कळते त्याला ऑस्ट्रेलियन उच्चार काही करू शकत नाहीत. वरच्या वर्गाच्या सरावासाठी रेवस-भाऊचा धक्का लाँचमध्ये इंजिनाच्या बाजूला बसून दोन कोळणींमधला भाव समजून घ्यावा. उत्तर लिहिताना मात्र स्पेलिंग चुकले की गुण गेला. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर ‘रेस्टॉरंट’चे स्पेलिंग गावागणिक बदलते, म्हणून तिथून अभ्यास करू नये.

वाचण्याला एक तास, पुन्हा चाळीस प्रश्न. इथे कोकणी माणसाचा घात त्याचे ज्ञान करते. उताऱ्याखाली विधान दिलेले असते. ते खरे, खोटे, की ‘उताऱ्यात दिलेलेच नाही’ हे सांगायचे. समजा उतारा भरती-ओहोटीवर आला. खाली विधान: अमावास्येला भरती मोठी असते. थळच्या कोळ्याचा मुलगा हसतो आणि ‘खरे’ लिहितो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते हे त्याने बांध फुटून शेतात खारे पाणी शिरलेले पाहून शिकलेले असते. पण उताऱ्यात ते नव्हते. गुण शून्य. शेजारी बसलेल्या, समुद्र फक्त चौपाटीवर पाहिलेल्या मुलाला मात्र काहीच माहीत नसल्यामुळे पूर्ण गुण मिळतो. तेव्हा परीक्षेच्या खोलीत शिरताना मोबाईल आणि घड्याळाबरोबर आपल्याला जे जे ठाऊक आहे तेही बाहेर ठेवावे. तिसरा पर्याय आपल्याला जड जाऊ नये. ‘तुमच्या चुलत्याने ती वाडी विकली का हो?’ या प्रश्नाला आपण खरेही म्हणत नाही, खोटेही म्हणत नाही.

लिहिण्याचा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण मुले इथेच पडतात. एका तासात दोन लेख. पहिला किमान दीडशे शब्दांचा. शिकायला जाणाऱ्यांना त्यात आलेख, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया वर्णन करायची असते. प्रक्रिया आली तर कर्मणी प्रयोग वापरावा असे सगळे क्लास सांगतात, आणि मग साखर कारखान्याची चित्रे घोकून घेतात. आपण शेंगांच्या पोपटीवर सराव करावा. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घातला जातो. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ असे थर दिले जातात. तोंड पाल्याने गच्च बंद केले जाते, मडके उपडे ठेवले जाते, भोवती पेंढा-काटक्या रचून जाळ केला जातो. कर्मणी प्रयोगाची खरी सोय अशी की शेंगा रात्री कोणाच्या वावरातून आणल्या गेल्या हे सांगावे लागत नाही.

नकाशा आला तर देवाचे आभार मानावेत. एकाच जागेचे दोन नकाशे असतात, आधीचा आणि नंतरचा. केंब्रिजच्या सरावाच्या पुस्तकात असेच एक बेट आहे: आधी नुसती झाडे आणि वाळू, नंतर पर्यटकांच्या खोल्या, रेस्टॉरंट, धक्का. झेरॉक्सच्या दुकानात ते पान पाहून आवास, सासवणे, किहीम, नागाव इथला कोणताही उमेदवार म्हणेल, हे तर आमच्या पाखाडीच्या मागचे. जिथे भातखाचर होते तिथे कंपाउंडची भिंत आहे, जिथे विहीर होती तिथे पोहण्याचा तलाव, आणि समुद्राकडे जाणारी पायवाट दुसऱ्या नकाशात नाही. इथपर्यंत उत्तम. पण नियम लक्षात ठेवावा: या लेखात कारण लिहायचे नाही आणि मत द्यायचे नाही. गुंठ्याला काय भाव मिळाला, दलाल कोण होता, मोठ्या काकाने धाकट्याला न विचारता सही कशी केली, त्या बंगल्यावर आता वॉचमन कोण आहे, हे एक अक्षरही लिहू नये. दिशा सांगाव्यात, ‘नैर्ऋत्येस’ असा शब्द वापरावा, आणि थांबावे. माझ्या मते या एका प्रश्नात आपल्या मुलांना जेवढा संयम लागतो तेवढा लंडनच्या मुलाला उभ्या आयुष्यात लागणार नाही.

दुसरा लेख अडीचशे शब्दांचा आणि त्याचे वजन दुप्पट. काही लोकांना पर्यटन बरे वाटते, काहींना नाही. दोन्ही बाजू मांडा आणि आपले मत द्या. दोन्ही बाजू आपल्या घरातच असतात: वडिलांचा होम-स्टे, काकाची होडी. ग्रामसभेला बसणाऱ्याला मांडणीची सवयही असते, फक्त ग्रामसभेत मत आधी असते आणि बाजू नंतर गोळा करतात. पाठ केलेली वाक्ये टाळावीत. एका क्लासच्या तीस मुलांनी ‘आजच्या धावपळीच्या जगात’ अशी सुरुवात केली की तपासणाऱ्याला क्लासचा पत्ताही कळतो.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. इथे एक गैरसमज दूर करतो. साहेबाच्या घरी जिताडा मासा पोचवून काम करून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे म्हणतात. या साहेबाला पोचवू नये. सगळे संभाषण रेकॉर्ड होते.

पहिलाच प्रश्न बहुधा गावाविषयी येतो. मुंबईत ‘अलिबाग से आया है क्या’ ऐकून ज्यांचे कान पिकले आहेत त्यांना तो टोमणा वाटतो. ते वाक्य बंद करावे म्हणून कोणी उच्च न्यायालयात गेले, तेव्हा २०१९ साली न्यायालयाने याचिका फेटाळली आणि मनाला लावून घेऊ नका असे सुचवले. परीक्षक तसा खवचट नसतो. त्याला खरोखरच माहीत नसते. म्हणून मान ताठ ठेवून, हो, तिथूनच आलो, असे म्हणावे आणि कुलाबा किल्ल्यापासून पांढऱ्या कांद्यापर्यंत बोलत राहावे. मग एक कार्ड मिळते. एक मिनिट विचार, दोन मिनिटांपर्यंत बोलणे. पाण्याकाठच्या एखाद्या जागेचे वर्णन करा, असा विषय आला की रेवदंड्याचा मुलगा गप्प होतो. पाण्याकाठी नसलेली जागा विचारली असती तर त्याने वर्णन केले असते.

सरावासाठी एसटीत एखाद्या मावशींच्या शेजारी बसावे. “कोणाचा रे तू? कुठल्या आळीतला? शिकतोस की कामाला? आणि लग्न?” परीक्षेचा पहिला भाग हाच, फक्त मावशी शेवटचा प्रश्न उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत.

परीक्षा मुंबईत आणि पावसाळ्यात असेल तर आदल्या दिवशी निघावे. मांडवा-गेटवेच्या लाँच बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो आहे, पण तीही हवा पाहून. उरला रस्ता: कार्लेखिंड, पोयनाड आणि मग वडखळ. वडखळच्या कोंडीत पुस्तक उघडावे. अनेकांचे वाचन तिथेच पूर्ण झाले आहे.

नवस करायचा तर हिशेब समजून करावा. चारही भागांची सरासरी काढतात. पाव वर आला तर अर्धा होतो, पाऊण आला तर पुढचा पूर्ण. म्हणजे कनकेश्वराकडे सात मागावेत, पण पावणेसातला पायऱ्या चढून यायला हरकत नाही. विद्यापीठाने प्रत्येक भागात किमान गुण मागितले असतील तर मात्र देवाला चारही आकडे वेगळे सांगावेत.

निकाल दोन वर्षे चालतो. हा काळ पुरेसा वाटतो, पण पैसे कुठून आणणार हेही परदेशी विद्यापीठाला आणि व्हिसा देणाऱ्याला दाखवावे लागते, आणि मग बँक तारण मागते. शेतजमिनीला बँक सहसा नाही म्हणते. उरते घर, आणि घराच्या कागदावर आजोबांपासूनची अकरा नावे असतात. दोन आत्या, त्यातली एक पुण्याला. तीन चुलते, त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत. सात बँड मिळवलेल्या मुलाने प्रत्येकाकडे पेढे आणि स्टँपपेपर घेऊन जावे. पेढे सगळे घेतात. बोरिवलीचे काका चष्मा लावून पहिले पान शेवटपर्यंत वाचतात, कागद घडी करून परत देतात आणि म्हणतात, “गणपतीला येतोच आहे. तेव्हा सगळे बसून बघू.”