खड्डे खणण्याआधी बोलवा

दौंड तालुक्यातल्या केडगाव स्टेशनपासून चौफुल्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना नवी घरं उठताना दिसतात. कारखान्याचं बिल जमा झालं, पोराला रांजणगावला कायम नोकरी लागली, बँकेनं कर्ज मंजूर केलं, की घर काढायचं. काढण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी गवंडी ठरतो, मग चुना पडतो, खड्डे खणले जातात, कॉलमच्या सळ्या उभ्या राहतात. ग्रामपंचायतीत कागद लागतात असं कुणीतरी सांगतं तेव्हा आर्किटेक्टची आठवण होते, आणि तीही सहीपुरती.

हा क्रम उलटा आहे. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या माणसाला त्यात सुधारणा करायची दुसरी संधी मिळत नाही, म्हणून हे कडक शब्दांत सांगतो: सहीसाठी आर्किटेक्टकडे जाणं म्हणजे पैसे देऊन काहीही न घेणं.

‘आमचं हजार फुटांचं घर, त्याला कशाला आर्किटेक्ट?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर त्या हजार फुटांतच आहे. पाच हजार फुटांच्या बंगल्यात दोनशे फूट वाया गेले तर मालकाला कळतही नाही. हजार फुटांत शंभर फुटांचा अंधारा बोळ निघाला तर घराचा दहावा हिस्सा गेला. बांधकामाचा दर चौरस फुटाला 1,800 रुपये धरा. त्या बोळाचे 1 लाख 80 हजार होतात. एवढे पैसे न वापरल्या जाणाऱ्या जागेत ओतणारा माणूस आर्किटेक्टच्या फीवर मात्र तीन वेळा घासाघीस करतो. पैसा कमी असतो तिथेच डोकं आधी लावावं लागतं.

पहिल्या भेटीत काय बोलायचं, याची तयारी जवळपास कुणीच करत नाही. मोबाइलमध्ये एलेव्हेशनचे फोटो घेऊन जातात: काचेची बाल्कनी, काळ्या-पांढऱ्या टाइल्सची पट्टी, पुढे दोन उंच खांब. घर बाहेरून कसं दिसावं हे चोख ठरलेलं असतं. आत कोण कसं राहणार, याची चर्चा घरातल्या घरातसुद्धा झालेली नसते. घरात माणसं किती? म्हातारी आई रात्री दोनदा उठते, तिच्या खाटेपासून संडास किती पावलांवर हवा? ज्वारी-गव्हाची पोती कुठे राहणार? शेतातून आलेले चिखलाचे पाय कुठे धुतले जाणार? मोटारसायकल, फवारणीचा पंप, औषधांच्या बाटल्या कुठे ठेवणार? त्या बाटल्यांना लहान पोरांच्या हाताबाहेरची, कुलपाची जागा लागते, आणि ती नकाशात काढली नाही तर त्या जिन्याखाली जातात. दारात गाय आहे का, आणि पाच वर्षांनी असेल का? मुलगा पुण्याला राहणार की गावी परतणार? ही यादी घेऊन गेलात तर पहिल्या तासाभरात घर निम्मं ठरतं. फोटो घेऊन गेलात तर फक्त भिंतीचा रंग ठरतो.

आणि त्या बैठकीत घरातली बाई असलीच पाहिजे. चहाचा ट्रे ठेवून आत जाणारी नको, खुर्ची घेऊन बसणारी आणि बोलणारी हवी. घरात सगळ्यात जास्त तास ती काढते, आणि ओटा किती उंच असावा हे तिला सोडून तिघे पुरुष ठरवतात. भाकरी थापणारीची उंची कुणी विचारत नाही. धूर कुठून जाणार, पाणी कुठून भरायचं, धुण्याचा दगड उन्हात येतो का सावलीत, तिन्हीसांजेला स्वयंपाक करताना अंगणातलं पोर दिसतं का, या प्रश्नांची उत्तरं फक्त तिच्याकडे असतात. तिला न विचारता काढलेला नकाशा अर्धवट आहे, मग त्यावर कितीही मोठ्या माणसाची सही असो.

हे केडगावात सांगावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटतं. पंडिता रमाबाईंनी 1890 च्या दशकात इथे जमीन घेतली ती फळबागेसाठी. विधवांसाठीच्या त्यांच्या शारदासदन या शाळेला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या मुदतीची होती. ती थांबल्यावर संस्थेला स्वतःचं उत्पन्न असावं, हा त्यामागचा हिशोब. मग 1896-97 चा दुष्काळ आला, मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आल्या, आणि बागेच्या जमिनीवर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. 1900 च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. राहायची जागा, विहिरी, शाळा, विणकाम, छापखाना, 1899 साली पायाभरणी झालेलं चर्च, हे सगळं तिथल्या बायकांना काय लागतं हे बघत उभं राहिलं, आणि ते ठरवणारी बाईच होती. त्या आवारापासून हाकेच्या अंतरावर आज बांधल्या जाणाऱ्या घरांत स्वयंपाकघर उरलेल्या कोपऱ्यात ढकललं जातं. सव्वाशे वर्षांनंतर हे चालवून घेण्यासारखं नाही.

राहणाऱ्याला न विचारता घर बांधलं की काय होतं, हे महाराष्ट्रानं मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जड भिंती आणि मातीची जाड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं भूकंपाला टिकतील अशी झाली, आणि त्यासाठी झटणाऱ्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण अनेक गावांत सरळ रेषेत सारख्या पेट्या उभ्या राहिल्या. गुरांना जागा नाही, कडब्याला जागा नाही, बायकांना आडोशाचं अंगण नाही. मग लोकांनी आपल्या हातानं पत्रे ठोकले, ओट्या काढल्या, भिंती वाढवल्या. तिथे घाई होती, हजारो माणसं गेलेली होती, थंडी-पावसात लोक उघड्यावर होते. तुमच्यावर अशी कोणती घाई आली आहे?

आता जमिनीकडे. प्लॉट पाहायला आर्किटेक्टला न्या, आणि जमलं तर प्लॉट घेण्याआधी न्या. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर टेकलेला पाया वर्षातून दोनदा हलतो, आणि तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. मग गवंडी सिमेंटला दोष देतो आणि मालक गवंड्याला. जागेवर एक-दोन खड्डे खणून मुरूम किती फुटांवर लागतो हे बघायला फार खर्च येत नाही. मुरूम खोल असेल तर खालच्या टोकाला फुगवटा असलेल्या पाइल्सचा पाया असतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तो अशाच मातीसाठी रूढ केला. ‘इकडे सगळ्यांचा पाया पाच फुटांचाच असतो’ हे उत्तर मान्य करू नका. शेजाऱ्याच्या प्लॉटखालचा मुरूम तुमच्या प्लॉटखाली त्याच खोलीवर असेलच असं नाही, कालव्याच्या बाजूला तर मुळीच नाही. पायाची आणि सळ्यांची गणितं स्ट्रक्चरल इंजिनिअरची असतात. तो वेगळा लागतो, आणि त्याची फी कोणाच्या खात्यात धरली आहे हे पहिल्याच भेटीत विचारा.

आणि ऊन. केडगाव साडेअठरा अंश अक्षांशाच्या आसपास येतं. मेच्या मध्याला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे सगळा मार स्लॅबवर. पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली झोपलेल्या माणसांवर सोडतो. वर चुन्याचा पांढरा हात, फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर, पश्चिमेच्या भिंतीला कमी खिडक्या आणि खोल छज्जा, हे उपाय एसीपेक्षा स्वस्त आहेत. आर्किटेक्ट लॉरी बेकर स्लॅबच्या खालच्या बाजूला, जिथे काँक्रीट फारसं कामाचं नसतं, तिथे मंगलोरी कौलं भरत. काँक्रीट वाचे, वजन घटे. पण हे नकाशावर ठरतं. सेंटरिंग लागल्यावर कुणी छज्जा वाढवून देत नाही.

पैशाबद्दल खरं बोला. जवळ 14 लाख असतील तर आर्किटेक्टला 14 सांगा. ‘बघू, लागतील तेवढे’ म्हणणाऱ्याला 22 लाखांचा नकाशा मिळतो, आणि मग प्लास्टरविना, दारंखिडक्यांविना दोन दिवाळ्या घर उभं राहतं. 1936 साली सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावात, राहायला घर बांधायची वेळ आली तेव्हा गांधीजींनी दोन अटी घातल्या होत्या: खर्च मर्यादेत आणि साहित्य आसपासचं. घरमालकानं बांधणाऱ्याला याहून स्पष्ट काय सांगायचं? घर टप्प्यांत बांधायचं असेल तर तेही आधीच सांगा. वरचा मजला दहा वर्षांनी चढणार असेल तर कॉलम, जिना आणि सांडपाण्याचे पाइप आजच त्या हिशोबाने पडायला हवेत. वास्तुशास्त्र पाळायचं असेल तर तेही पहिल्या दिवशी बोला. कॉलम उभे राहिल्यावर काकांनी देवघराची दिशा बदलायला लावली की पैसा आणि नातं दोन्ही जातं.

कागदांचं थोडक्यात. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणीचा नकाशा हातात असल्याशिवाय रेघ ओढू देऊ नका. गावठाणात हद्दीचे वाद जुने आहेत. ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग शेजारच्या पुरंदर तालुक्यात, सोनोरीला आधी झाला आणि पुढे अशीच मोजणी देशभर करणारी स्वामित्व योजना आली. तुमच्या जागेची मिळकत पत्रिका तयार असेल तर काढून घ्या. 2021 साली ग्रामविकास विभागाने जाहीर केलेल्या सवलतीनुसार ग्रामीण भागात 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीड गुंठ्याच्या भूखंडावर मालकीचे कागद, नकाशे, ते नियमाप्रमाणे असल्याचं परवानाधारक तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणि शुल्क भरल्याची पावती ग्रामपंचायतीला दिली की पुरतं. मात्र दौंड तालुक्याचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत येतो आणि तिथे परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीकडे नसतो. आपली जमीन कुठे पडते हे आधी पाहा.

समोरचा माणूस खरोखर आर्किटेक्ट आहे का, हेही विचारा, संकोच नको. 1972 च्या कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच ते नाव लावता येतं. नोंदणी क्रमांक मागा. तालुक्यातला एखादा मन लावून काम करणारा सिव्हिल इंजिनिअर पुण्याच्या बेफिकीर आर्किटेक्टपेक्षा नक्कीच बरा; त्यालाही हेच सगळे प्रश्न विचारा. फी टप्प्यांनी द्यायची असते: थोडी सुरुवातीला, मग कच्च्या आराखड्याला, मग कामाच्या नकाशांना, मग देखरेखीला. किती नकाशे मिळणार, साइटवर किती फेऱ्या होणार, हे दोन पानांवर लिहून दोघांनी सह्या करा. तोंडी ठरलेलं स्लॅबच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

आर्किटेक्टनाही एक गोष्ट सुनावायची आहे. हडपसरच्या पुढे यायला कुरकुरणारे, वाघोलीच्या फ्लॅटचा नकाशा आडवा करून केडगावच्या शेतकऱ्याला विकणारे, ओसरी आणि परसदार ‘जुनं’ म्हणून खोडणारे लोक तुमच्यात आहेत. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोकलला केडगाव स्टेशन आहे. एकदा या, दुपारी बारा ते चार पत्र्याखाली बसा, मग पेन्सिल धरा. आणि केडगाव, बोरीपार्धी, वरवंड, पारगावच्या ग्रामपंचायतींनी महिन्यातून एक दिवस आर्किटेक्ट बोलावून कार्यालयात बसवावा. घरकुल योजनेतल्या 25 चौरस मीटरवाल्याला तर त्या सल्ल्याची सगळ्यांत जास्त गरज आहे. एवढ्या जागेत एक दार चुकलं की खाट टाकायला भिंत उरत नाही.

दिवाळीनंतर पाया खणायचा विचार असेल तर आर्किटेक्टला ज्येष्ठातच गाठा. एक पावसाळा मध्ये जाऊ द्या, आणि जोराच्या पावसानंतर तुमच्या प्लॉटवर पाणी कुठे साचतं ते त्याला घेऊन जाऊन दाखवा.