अमक्याची थार गळते म्हणे!

ऐकलंत का? सोन्याच्या भावाचं नव्हे, केळीच्या भावाचंही नव्हे. ते विषय जळगावात एका चहात संपतात. सध्या आवाज खाली करून बोलण्यासारखं एकच आहे: अमक्याच्या थारखाली लाल डाग पडतो. मेहरूण तलावावर फिरायला येणारी मंडळी गाडीकडे बघतसुद्धा नाहीत म्हणे. गाडी हलली की खालची जमीन बघायला थांबतात! पूर्वी लोक दुसऱ्याच्या दारातल्या चपला मोजायचे, आता ठिपके मोजतात. काय दिवस आलेत.

आधी या थारवाल्यांचे प्रताप ऐका. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार बाजारात आली आणि खान्देशातल्या पोरांचं डोकं फिरलं. तशी जीप आपल्याला नवी नाही. काळ्या-पिवळ्या कमांडर आणि मार्शलांनी चोपडा, यावल, शिरपूरच्या रस्त्यांवर माणसं, कोंबड्या आणि भाजीच्या पाट्या एकाच भाड्यात वाहिल्या. त्यातले कितीतरी ड्रायव्हर बिनपॉवरचं स्टेअरिंग नुसत्या दंडाच्या जोरावर फिरवायचे, तेही मागे लटकलेल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत. ना पंप, ना होज, ना लाल तेल. आता मात्र शोरूममधून आलेली गाडी जशीच्या तशी चालवली, तर नव्या सुनेला वर्षभर माहेरच्याच साडीत ठेवल्यासारखं चारचौघांत बोललं जातं. म्हणून आधी लिफ्ट किट, मग चिखलाचे 33 इंची टायर, मग चाकं बाहेर काढायला स्पेसर, पुढे लोखंडी बंपर, बंपरवर विंच. आणि विंचने ओढायला काही सापडत नाही म्हणून तिला छानसं कव्हर.

कायदा? अहो, कायदा त्यांच्या गावीही नाही. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रूपात फेरफार करायचा नाही, असं 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालं. त्याआधी, 2017 च्या डिसेंबरात, केंद्राने बुलबारवर बोट ठेवलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या 182 अ कलमात नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दर फेरफारामागे! हे ऐकून एका गृहस्थांनी भर पंगतीत मोबाइल काढून बेरीज केली. "टायरपेक्षा स्वस्तच पडतंय की," म्हणाले, आणि मठ्ठा मागितला. कैदेची बेरीज मात्र त्यांनी केली नाही.

तर डागाचं. गाडीच्या कंपनीला बोल लावायचं कारण नाही, हे पाप घरचंच. तीन दारांच्या थारचं पॉवर स्टेअरिंग तेलाच्या दाबावर चालतं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबतो, ते जाड होजमधून रॅकमध्ये जातं, चाकं वळवतं आणि परतीच्या पाइपने डबीत येतं. स्टेअरिंग पार टोकाला नेलं, म्हणजे फुल कट मारून धरलं, की हा दाब 80 ते 100 बारपर्यंत जाऊ शकतो. टायरमधली हवा दोन-अडीच बारची असते, यावरून काय ते समजा. कंपनीने हे सगळं कंपनीच्या टायरचा हिशेब धरून बसवलेलं. तुम्ही त्यावर ढोबळे रुंद टायर चढवले, स्पेसर घालून चाकं बाहेर काढली, हवा कमी केली आणि गिरणेच्या वाळूत उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवायला घेतलं. पंप किंचाळणार नाही तर काय भजन म्हणणार? शिवाय आपला मे महिना. बाहेर पारा 45 च्या घरात, बॉनेटखाली त्याहून भयंकर. तेल तापतं, रबर कडक होतं, सील आकसतं. लिफ्ट केलेल्या गाडीत टाय रॉडचा कोन बदलतो आणि रॅकच्या टोकांवर आडवा जोर येतो. त्यात कुणा हौशी कारागिराने होजची वाट बदललेली असली, तर तो कुठेतरी पत्र्याला घासतोच.

म्हणजे टायरवर लाखाच्या गोष्टी करायच्या आणि त्या टायरला वळवणाऱ्या सीलकडे ढुंकून बघायचं नाही. मला विचाराल तर खरी बेअब्रू ही आहे, डाग नव्हे.

आणि डाग लपवण्याच्या एकेक तऱ्हा! एकाने गाडीखाली पुठ्ठा घातला आणि "मांजर बसतं" म्हणून सांगितलं. दुसरा म्हणे, एसीचं पाणी आहे. लाल? एसीचं पाणी लाल? बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टेअरिंगला जे ऑटोमॅटिक गिअरचं तेल घालतात, ते नवं असताना लालभडक असतं, जुनं झालं की तपकिरी होतं आणि जळका वास मारतं. इंजिन ऑइल काळपट, कूलंट पाण्यासारखं पातळ. बोटावर घेऊन वास घेतला तरी निम्मी चौकशी होते. पण बोटाला तेल कोण लावून घेणार, त्यासाठी मिस्तरी आहे.

अजिंठा चौफुलीच्या बाजूच्या जुन्या मिस्तऱ्यांचं काम बघण्यासारखं असतं. ते थेंबाकडे बघतच नाहीत. थेंब पडतो तिथे गळती नसते. तेल वाऱ्याने मागे जातं, पाइपावरून ओघळतं आणि भलत्याच नटावरून टपकतं. म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. आपल्याकडची धूळ त्यांचं निम्मं काम करते. ओल्या जागी ती धरते आणि काळा लेप बसतो, बोटाने ओढला की गाळासारखा निघतो. तो खरवडून सगळं धुऊन कोरडं करायचं, वर टाल्कम पावडर मारायची (हो, बाळाला लावतात तीच), एकाने आत बसून इंजिन चालू ठेवायचं आणि स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवायचं. टोकाला चार-पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही. पांढऱ्यावर पहिली लाल रेघ जिथे उमटली, तिथे चोर. चालू गाडीत दाबाच्या होजवर हात फिरवून भोक शोधायला मात्र जाऊ नका. सुईसारखी बारीक धार कातडीखाली तेल घुसवते आणि मग मिस्तरी सोडून सर्जन गाठावा लागतो.

पंपाच्या जोडाशी चोर सापडला तर नशीब. तिथे तांब्याचा वायसर असतो. एकदा आवळला की दबतो, परत तोच घातला की परत गळतो. नव्याची किंमत चहाच्या बिलाइतकी, पण आमचे वीर जुनाच उलटा करून घालतात, वर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. परतीचा पाइप टोकाला चिरला असेल आणि लांबी पुरत असेल, तर तेवढं टोक कापून नवी क्लिप मारली की भागतं. दाबाच्या होजला क्लिप मारणारा मात्र एक तर अडाणी, नाही तर आपला शत्रू. तो होज खोलून जेसीबी-ट्रॅक्टरचे होज प्रेस करून देतात त्या दुकानात न्यावा आणि तेवढ्याच दाबाचा नवा करून आणावा. भाव खाणाऱ्या थारवाल्याला रोटाव्हेटर घेऊन आलेल्या शेतकऱ्यामागे रांगेत उभं राहावं लागतं, हे दृश्य मला फार आवडतं.

सगळ्यात वाईट बातमी रॅकच्या रबरी बुटात लपलेली असते. बूट दाबला आणि आत तेल डचमळलं, की टोकाचं सील गेलं. बूट फाटून आत वाळू शिरली असेल, तर रॅकच्या गुळगुळीत दांड्यावर ओरखडे पडतात, आणि त्या दांड्यावर कितीही नवं सील घाला, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे. मग रॅकच बदला. इथवर आलेला मालक सहसा दोन दिवस फोन उचलत नाही.

तिकडे धुळ्याची गोष्ट निराळी. देवपूरपासून आग्रा रोडपर्यंत जुन्या जीपवाल्यांची जात वेगळीच. ते थारकडे नाक मुरडून बघतात. यांची एमएम 540, आणि तिला मागून बसवलेलं दुसऱ्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग. पंपाचं ब्रॅकेट वेल्डिंगवाल्याने नजरेच्या अंदाजाने केलेलं. पुली सूतभर तिरकी राहते, पट्टा ओरडतो म्हणून आणखी ताणतात, पंपाचं बेअरिंग जातं, पाठोपाठ त्याचं सील, आणि लळिंगच्या पायथ्याला पोचेपर्यंत डबी कोरडी. "तेल गळी ऱ्हायनं भो," असं मागून येणारा ओरडतो, तर हे पुढून म्हणतात, जीपला गळायचंच असतं! वर हाताला लागेल ते ओततात. एकाने ब्रेक ऑइल ओतलं. ब्रेक ऑइल! या सिस्टिमची रबरी सीलं त्यात फुगून मऊ पडतात, म्हणजे एक गळती थांबवायला गेले आणि सगळीकडून सुरू झाली.

दुरुस्तीनंतरचा कार्यक्रम तर तिकीट लावून दाखवावा. पुढची चाकं जॅकवर उचलून घोडीवर ठेवायची, इंजिन बंद, डबीचं झाकण उघडं, आणि मालकाने आत बसून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं. पंधरा-वीस वेळा. डबीत बुडबुडे येतात, तेल खाली जातं, मिस्तरी ओततो. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करून पुन्हा तेच. घाई केली तर तेलाचा फेस होतो आणि पंप सुतारपक्ष्यासारखा कटकट करत नाही, सरळ रडतो. गॉगल लावून, एसीविना, मे महिन्यात, हवेतल्या चाकांनी कुठेही न जाणारी गाडी वळवत बसलेला मालक, आणि भोवती सल्ले देणारं सगळं गॅरेज!

थार रॉक्सवाले या सगळ्यात तोंड वर करून फिरतात, कारण त्यांचं स्टेअरिंग विजेचं, तेलाचा संबंधच नाही. म्हणून त्यांच्याबद्दल बोलायलाही काही नाही. तीन दारांच्या थारवाल्यांनी मात्र आता एक नवीन शिस्त लावून घेतलीय. तोरणमाळला निघाले की सातपायरी घाटाच्या आधी बॉनेट उघडून डबी बघतात, आणि सीटमागच्या पिशवीत लाल तेलाची बाटली, दोन क्लिपा, तांब्याच्या वायसरांची पुडी ठेवतात. पिशवी दिसली म्हणून विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: "आपली नाही गळत. दुसऱ्यांसाठी ठेवलंय."