टारगेटभाऊ

बाभुळगावात कृषी केंद्रं पुष्कळ आहेत. त्यातलं टारगेटभाऊंचं केंद्र ओळखायचं असेल तर गल्ल्यामागची भिंत पाहावी. डावीकडे बियाणं, खत आणि कीटकनाशक असे तीन परवाने काचेत मढवलेले. मधोमध कळंबच्या चिंतामणीची तसबीर. आणि उजवीकडे, चिंतामणीपेक्षा चार बोटं मोठा, पणजीच्या मांडवी नदीचा रात्रीचा रंगीत फोटो. नदीत दिव्यांनी पेटलेली कॅसिनोची जहाजं आणि काठावर हात पसरून उभे असलेले भाऊ. नदीच्या सातबाऱ्यावर नाव चढल्याचा आनंद चेहऱ्यावर.

त्यांचं खरं नाव परवान्यावर आहे, पण परवाना तपासणीला आलेल्या साहेबाशिवाय कोण वाचतो? कपाशीच्या पट्ट्यात असा एक टारगेटभाऊ बहुतेक तालुक्याच्या गावी सापडतो. बियाण्यांच्या आणि औषधांच्या कंपन्या दुकानदारापुढे विक्रीचं टारगेट ठेवतात. इतक्या पेट्या उचलल्या की गोवा, त्याहून जास्त उचलल्या की काठमांडू, आणि गोडाऊनचं दार लागेनासं होईपर्यंत उचलल्या की मकाव. (औषध म्हणजे पिकाचं. माणसाला आमच्याकडे गोळी देतात.) कोणत्या कॅसिनोत जायचं हा प्रश्न बाकीचं जग दिवाळीच्या सुटीत सोडवतं. भाऊ तो मृगाच्या आधी सोडवून मोकळे होतात.

मे महिन्याच्या उन्हात कंपन्यांची पोरं मोटारसायकलवर येतात. घामेजलेल्या बॅगेतून रंगीत कागद काढतात आणि नव्या औषधाने गुलाबी बोंडअळी कशी मरते ते घोकल्यासारखं सांगू लागतात. भाऊ शांतपणे कागद उलटा करतात. स्कीम मागच्या पानावर असते.

"अळी मरनच, तिले काय घाई हाय," भाऊ म्हणतात. "तू हॉटेल सांग."

मग जी परीक्षा सुरू होते ती त्या पोराने कृषी महाविद्यालयातही दिलेली नसते. बँकॉकचं नाव निघालं की भाऊ कागद परत देतात. "बँकॉकले कायद्यानं कॅसिनोच नाई. तथी जाऊन काय देवदर्शन कराचं? त्याच्यासाठी कळंब हाय." सिंगापूर म्हटलं की ते सावरून बसतात. तिथले दोन कॅसिनो २०१० साली उघडले, तिथल्या नागरिकाला आत जायला दिवसाचे दीडशे डॉलर भरावे लागतात आणि परदेशी पाहुण्याला फुकट, हे त्यांना युरियाच्या गोणीच्या किमतीइतकं पाठ आहे. "आपल्या मान्साले तिकीट आन् पाहुन्याले चहा," हा त्यावरचा शेरा. मकावने जुगाराच्या कमाईत २००६ सालीच लास वेगासच्या स्ट्रिपला मागे टाकलं, हेही ते सांगतात. तिथल्या व्हेनेशियनमध्ये इमारतीच्या आत कालवा आहे, कालव्यात होडी आहे आणि होडीत गाणारा नावाडी आहे, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज जरा भरून येतो. "घरात कालवा, राजा! आन् पानी सोडाले अर्ज नाई लागत."

मकाव आणि सिंगापूर भाऊंनी माहितीपत्रकातच पाहिलं आहे. काठमांडू झालं आहे. पण जीव गोव्यात. नागपूरला जिल्ह्याजिल्ह्यांतले टारगेटवीर जमतात, कंपनीच्या टोप्या घालतात आणि विमानात चढतात. मोपाच्या विमानतळावर उतरल्यापासून भाऊंकडे आपोआप पुढारपण येतं, कारण नवख्यांना सगळ्या जहाजांवरचे दिवे सारखेच दिसतात. डेल्टिन रॉयल बरं की बिग डॅडी, मॅजेस्टिक प्राइड घ्यावं की डेल्टिन जॅक, हे विचारायला अकोल्या-वाशीमचे दुकानदार त्यांच्या खोलीत येऊन पलंगावर मांडी घालून बसतात.

भाऊंच्या कसोट्या त्यांच्याच आहेत. जेवणाचं टेबल जुगाराच्या टेबलापासून किती पावलांवर आहे? खुर्चीला पाठ आहे का? परतीची होडी किती वेळाने सुटते? नाच पाहायला वेगळं बसावं लागतं की पनीर खाता खाता दिसतो? एकवीस वर्षांखालच्याला आत सोडत नाहीत, चपला चालत नाहीत, हे ते दरवर्षी नव्याने बजावतात. एकदा एका बुजुर्ग दुकानदाराने "धोतर चालते का?" असं विचारलं, तेव्हा भाऊ विचारात पडले. शेवटी म्हणाले, "बूट घालजो. वरचं कोनी पाहत नाई."

एकाच गोष्टीवर ते मनापासून चिडतात. जहाजावर जायचं म्हणजे पॅकेज घ्यायचं. त्यात प्रवेश, जेवण, पेय आणि एकदाच खेळता येतील अशा थोड्या चिपा, सगळं एकात बांधलेलं. "आपल्याले फक्त आत जायचं हाय, तर चिपा कायले गळ्यात मारते?" भाऊ काउंटरवर वाद घालतात. "ही लिंकिंग झाली! हे बेकायदेशीर हाय!" युरियाची २६६ रुपये ५० पैशांची गोणी मागायला आलेल्या माणसाला सोबत टॉनिकची बाटली घ्यायला लावताना भाऊंना हा शब्द कधी आठवल्याचं मला माहीत नाही. पण अन्याय ओळखायला घरापासून दूर जावं लागतं, हे अनेकांचं होतं.

जहाजाच्या होडीत बसण्याआधी काठावर फोटोंचा कार्यक्रम असतो. रस्ता दयानंद बांदोडकरांच्या नावाचा, पलीकडे आदिलशाही राजवाडा, आणि त्याच्या बाजूला एका पाद्र्याचा पुतळा. झगा वाऱ्यावर उडालेला, दोन्ही हात पसरलेले आणि समोर एक बाई मागे कललेली. हा आब्बे फारिया. कांदोळीला १७५६ साली जन्मला, पॅरिसला गेला आणि संमोहनविद्येत नाव कमावून राहिला. भाऊंनी गाइडला विचारलं, हा करून काय राह्यला? गाइड म्हणाला, हा नुसतं बोलून माणसाला झोपवायचा आणि मग हवं ते करून घ्यायचा. भाऊंनी पुतळ्याला हात जोडले. "म्हंजे एरिया मॅनेजर व्हता."

गोव्याहून परत आल्यावर पंधरा दिवस दुकानात प्रवचन असतं. बाहेर बाकावर फवारणीच्या गप्पा मारत बसलेले शेतकरी हे हक्काचे श्रोते. गेल्या खेपेला भाऊ रूलेट समजावून सांगत होते. चाकावर एक ते छत्तीस आकडे आणि एक शून्य, म्हणजे सदतीस घरं. आपला आकडा लागला तर लावलेल्याच्या पस्तीस पट मिळतात, वर लावलेला रुपयाही परत. बाकावरचे एक नाना, पाच एकर पऱ्हाटीचे धनी, डोळे मिटून ऐकत होते.

"म्हंजे मी सदतीसही घरात एकेक रुपाया टाकला, तर?"

"तर एक घर लागन. तुमाले छत्तीस भेटन."

"आन् सदतिसावा?"

"तो त्यायचा."

नाना हसले. "कटती!" ते म्हणाले. "माल ओला हाय म्हनते, कचरा हाय म्हनते आन् क्विंटलमागं कापते, तेच हे. त्याच्यासाठी इमानात कायले बसाचं? धामनगावले जिनिंगवर जा."

भाऊंना हे लागलं. अमेरिकेत काही चाकांवर दोन शून्यं असतात, तिथे अडतीसच्या मागे छत्तीसच मिळतात, म्हणजे शेकडा सव्वापाच गेले. आपण मात्र एक शून्याचं चाक पाहूनच बसतो, शेकडा पावणेतीनच्या वर जाऊ देत नाही, असा खुलासा त्यांनी केला. एक शून्य की दोन, हे पाहिल्याशिवाय टेबलाला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. बाक गंभीर झाला. जाणकार माणूस, असा भाव सगळ्यांच्या तोंडावर आला.

नाना गप्प बसणारे नव्हते. मटका कसा निघाला ते माहीत आहे का, असं त्यांनी उलट विचारलं, आणि मग स्वतःच सांगितलं. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कोणत्या भावाला उघडला आणि कोणत्या भावाला बंद झाला, ते आकडे मुंबईला तारेने यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ साली ते भाव येणं थांबलं. तेव्हा कल्याणजी भगत आणि मागोमाग रतन खत्री यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. कापूस गेला, ओपन आणि क्लोज राहिलं. "कापूस आमी पिकवला," नाना म्हणाले, "आन् आकडा त्यायनं काढला."

नानांना मटक्याची एवढी माहिती कशी, हे कोणी विचारलं नाही. गावात काही प्रश्न विचारत नाहीत.

पोळ्याच्या सुमारास तर हा विषय नाजूकच होतो. बैल घरी गेले की कुठल्या तरी गोठ्यामागे बावन्न पत्ते पसरतात आणि एक्का-बादशाह सुरू होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: ताशपत्ते, रोख रक्कम, मोबाईल आणि अमुक मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त. लावलेलं कलम १८८७ च्या कायद्यातलं, राणीच्या राज्यातलं. त्या बातमीवर भाऊंचं भाष्य तयार असतं. तोच पत्ता मांडवीत अंदर-बाहर म्हणून कोट घातलेली पोरगी वाटते, आणि आपण दंडाऐवजी टॅक्स भरतो. फरक एवढाच, की गोठ्यात एसी नाही.

यात भाऊ अगदीच चूक नाहीत. कायद्याची गंमत अशी, की गोव्याचा जुगाराविषयीचा कायदा १९७६ चा, आणि महाराष्ट्रानेही कॅसिनोवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा १९७६ लाच केला. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना, १९९६ मध्ये जहाजांवर पत्त्याच्या टेबलांना वाट करून दिली. आपला कायदा अंमलात कधी आलाच नाही. सत्तेचाळीस वर्षं कागदावर पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. भाऊंना याचं मनापासून दुःख आहे. बेंबळा धरणात एक जहाज सहज मावलं असतं, असं ते खडक सावंग्याकडे बोट करून सांगतात. शिवाय २०२० पासून गोव्याच्या माणसालाच गोव्याच्या कॅसिनोत जाता येत नाही. त्याच हिशेबाने इथे जहाज आलं असतं तर बाभुळगावकरांना काठावर उभं राहून दिवे पाहता आले असते. पण एवढा पुढचा विचार भाऊ करत नाहीत.

आता एवढं ज्ञान असलेला माणूस खेळत कसा असेल, याची उत्सुकता मलाही होती. ती त्यांच्यासोबत गेलेल्या एका दुकानदाराने फेडली. भाऊ जहाजावर पाय ठेवल्याबरोबर सगळ्या टेबलांवरून एक चक्कर मारतात. पॅकेजमधल्या चिपा पहिल्या अर्ध्या तासात लाल-काळ्यावर लावून संपवतात. जिंकलं तर जिंकलेलं लगेच मोडून खिशात. मग पाठ असलेली खुर्ची शोधून बसतात आणि पहाटेपर्यंत दुसऱ्यांचे पैसे जाताना पाहतात. मधून मधून पनीर. स्वतःच्या खिशातला एक रुपया त्यांनी आजवर कुठल्याच टेबलावर ठेवलेला नाही.

मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मास्तर, चिपा घेतानाच टॅक्स. आंधी अठ्ठावीस टक्के व्हता, पंचवीसच्या सप्टेंबरपासून चाळीस. आपल्या औषधावर अठरा. कोनतं जास्त इषारी हाय ते सरकारले बराबर समजते." थोडं थांबून म्हणाले, "आन् आपले पैसे कायले लावाचे? लावनारे बम हायेत."

भाऊंचा धंदाही असाच, पाठ असलेल्या खुर्चीवरचा. बियाणं उधारीवर जातं, खत उधारीवर जातं, वहीत नाव लिहिलं जातं आणि हिशेब कापूस निघाल्यावर. पाऊस मृगात आला, मग महिनाभर दडी मारून बसला, दुबार पेरणी करावी लागली, तर पाकिटं दोनदा विकली जातात. अळी आली तर औषध. अळी आलीच नाही, तर ती येऊ नये म्हणून औषध. कोणत्याही घरावर गोळी थांबली तरी पेट्या उचलल्या जातातच. ते वाईट माणूस नाहीत. अडल्यानडल्याला वही पुढे ढकलतात, कोणाच्या पोरीच्या लग्नात ओट्यावर बसून पंगतीचं पाहतात, आणि दिलेल्या उधारीबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. टूरबद्दल तेवढं बोलतात.

यंदा सप्टेंबर सरत आला तेव्हा मी दुकानात बसलो होतो. भाऊ कॅल्क्युलेटरवर बोटं मारत होते. गोव्याला अकरा पेट्या कमी पडत होत्या आणि स्कीम महिनाअखेरीला बंद होणार होती. तेवढ्यात नाना आले. हातात पऱ्हाटीचं एक बोंड, मधून फोडलेलं. आत गुलाबी अळी निवांत बसलेली.

भाऊंनी बोंड उजेडात धरून पाहिलं. मग अळीकडे पाहिलं तितक्याच बारकाईने फळीवरच्या रांगेकडे पाहिलं आणि अगदी वरच्या खणातली, सोनेरी झाकणाची बाटली उतरवली.

"हे घ्या नाना. नवीन आलं हाय. दोन फवारे मारा, सोबत हे टॉनिक. अळीचं नाव नाई राह्यत."

नानांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, बारीक अक्षरांवर बोट फिरवत राहिले. चष्मा घरी राहिला होता.

"भाऊ," ते म्हणाले, "याच्यात झिरो एक हाय का दोन?"

भाऊंनी वही उघडली आणि पेनाचं टोपण दातात धरलं. "कोनाच्या नावावर लिहू," त्यांनी विचारलं, "तुमच्या का पोराच्या?"