संतांची ज्येष्ठता यादी

पोलाद कारखान्यात उभे आयुष्य काढलेल्या मनुष्यास बढती, बदली आणि ज्येष्ठता यादी यांपलीकडेही विश्वात काही असते हे पटविणे किती दुर्घट आहे, हे भिलाईच्या सेक्टरांतून ज्यांचे संसार झाले त्यांना सांगावयास नको. परंतु हीच यादी बगलेत मारून एखादा गृहस्थ थेट स्वर्गाच्या कचेरीत शिरतो आणि तेथील संतांना रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे ओळीने उभे करतो, हा चमत्कार मला आमचे शेजारी वसईकर यांनीच दाखविला. त्यांचे आडनाव निराळे आहे; परंतु वसईच्या उल्लेखावाचून त्यांचे एकही वाक्य पुरे होत नसल्यामुळे सेक्टराने त्यांचे परस्पर हे बारसे उरकले.

या यादीस निमित्त झाले समोरच्या क्वार्टरातले पालाकर, म्हणजे केरळातल्या पाला गावचे कॅथलिक गृहस्थ. संत थॉमस इसवी सन ५२ मध्ये मलबारच्या किनाऱ्यास लागले आणि त्यांनी ज्या मोजक्या नंबुद्री घराण्यांना बाप्तिस्मा दिला त्यांत आपले घराणे होते, असे पालाकर संथपणे, जणू कालच्या पाळीची हकीगत सांगावी तसे सांगत. त्यावर वसईकर चष्मा कपाळावर चढवून एवढेच विचारीत, "दाखला आहे का?"

दाखला अर्थातच नसे. मग वसईकर आपले दप्तर उघडीत. गोन्सालो गार्सिया, जन्म वसई. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर हौतात्म्य. ८ जून १८६२ रोजी रोममध्ये संतपद. भारतात जन्मलेला पहिला संत. "आणि तुमची अल्फोन्सा? १२ ऑक्टोबर २००८. म्हणजे तुमची फाईल आमच्यामागून एकशे सेहेचाळीस वर्षांनी निकालात निघाली!" पालाकर मंद हसून म्हणाले, "भाऊसाहेब, गोन्सालोचे वडील पोर्तुगीज होते ना? मग तुमचा निम्मा संत प्रतिनियुक्तीवर आलेला."

हा घाव वसईकरांच्या वर्मी बसला. पुढे कित्येक दिवस ते वाचनालयातच दिसत, आणि बाहेर आले ते दोन नवी प्रकरणे घेऊन. १३२१ साली ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधू हुतात्मे झाले, हे पहिले. आणि सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या दर्यावर्द्याने 'कॅलियाना' येथे ख्रिस्ती लोक व त्यांचा बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, हे दुसरे. कॅलियाना म्हणजे कल्याण असे काही विद्वान मानतात. वसईकरांना 'काही' पुरे होते. कल्याणहून वसई किती जवळ, हे त्यांनी आगगाडीच्या वेळापत्रकावरून सिद्ध केले.

तारखांचा हा नाद चर्चपुरता राहता तर सोसवला असता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले तेव्हा वसईकरांचे वडील गर्दीत हजर होते, हे सेक्टरातल्या पोराटोरांना पाठ होते. पण उद्घाटन नेमके गोन्सालोंच्या हौतात्म्यदिनाच्या पूर्वसंध्येस ठेवण्यात दिल्लीचा वसईविषयीचा आदरच व्यक्त होतो, हा सिद्धांत खास वसईकरांचा. पालाकरांची मुलगी परिचारिका होऊन आयर्लंडला गेली, तर प्रश्न, "तारीख?" कारण वसईकरांचे चिरंजीव कॅनडात आधीच रुजू झाले होते. पालाकरांकडे घराण्यात दोन सिस्टर, तर यांच्याकडे एक फादर. मग एका फादरबरोबर किती सिस्टर धराव्यात, याचा निवाडा मागावयास ते माझ्यासारख्या नागपुरी ब्राह्मणाकडे आले! नाताळात अंगणातला गोठा कोणाचा आधी उभा राहिला हे पाहण्यासाठी ते पहाटे उठत. ज्याच्या जन्मासाठी हा गोठा, तो सुताराच्या घरी वाढला; त्याच्या नावाने नंबुद्री वंशावळी आणि उच्च कुळांची टिपणे मांडणाऱ्या या दोघांना ती गोष्ट नाताळच्या मिस्सेतसुद्धा आठवत नसावी.

यादीचे शेवटचे टोक मात्र एकदा उलटले. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांत जशपूरकडचा एक उरांव कामगार होता. वसईकरांनी त्यालाही त्याची तारीख विचारली. फादर लीव्हन्स छोटानागपुरात १८८५ साली आले, आपल्याकडे धर्म त्यानंतरच पोहोचला, असे तो म्हणाला, आणि वसईकरांनी समाधानाने त्याला सर्वांत खाली नोंदविले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "धरम बाद में आया साहब, हम तो पहले से यहीं थे." वसईकरांनी चष्मा खाली घेतला, पुसला आणि कपाळावर चढविलाच नाही. त्या दिवशी, माझ्या माहितीप्रमाणे प्रथमच, त्यांनी दाखला मागितला नाही.

या मनुष्याविषयी बरे लिहावयाचे माझ्या मनात नव्हते. परंतु पालाकरांना सेक्टर ९ च्या इस्पितळात हलविले त्या रात्री रक्त देण्यासाठी रांगेत सर्वांत पुढे हाच इसम उभा होता, आणि पुढे आठवडाभर पालाकरणीच्या अप्पमवर उदरनिर्वाह करीत तो त्यांच्या खाटेशी बसून राहिला, हे लपविणेही अन्यायाचे होईल. पालाकर शुद्धीवर येताच वसईकरांनी बजावले, "आता तुमच्या अंगात वसईचे रक्त आहे. निम्मे तुम्हीही प्रतिनियुक्तीवर!" पालाकर हसले, टाके दुखून कळवळले आणि पुन्हा हसले.

मुले परदेशांत राहिली, क्वार्टर सोडावे लागले. दोघांपैकी एकही गावी परतला नाही. भिलाईतल्याच हुडको वसाहतीत त्यांनी भिंतीला भिंत लागून घरे घेतली आहेत. रजिस्ट्री पालाकरांची दोन दिवस आधीची आहे. वाचकांपैकी कोणी तिकडे गेल्यास वसईकरांसमोर हा विषय काढू नये, एवढीच विनंती.