सॅलरी स्लिप मागणाऱ्या घरमालक काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

कोथरूडचा आपला वन बीएचके पाहिला. स्वयंपाकघराला खिडकी आहे, बाल्कनीत ऊन येतं, मला पसंत आहे. मी मात्र आपल्याला पसंत पडले नाही, असं एजंटकडून कळलं. कारण, 'मॅडमना नोकरी नाही.'

खरं आहे. मी आर्किटेक्ट आहे, स्वतंत्र काम करते. दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढते आणि संध्याकाळी स्वतःसाठी घर शोधते. आपल्याला मी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट आणि दहा टक्के टीडीएस कापल्याचे दाखले पाठवले. "ते ठीक आहे, पण सॅलरी स्लिप?" असं आपण विचारलंत. काका, ती मलाच छापावी लागेल. खाली सहीही मीच करेन, आणि हात आखडता न घेता दिवाळीचा बोनसही देईन.

आपल्याला आयटीवाला हवाय. जरूर ठेवा. पण त्याला एका सकाळी एक ईमेल आली की त्याची स्लिप संपली. माझी गिऱ्हाइकं बरीच आहेत, ती सगळी एकाच दिवशी मला सोडणार नाहीत. (एकाच दिवशी पैसेही देत नाहीत, पण तो विषय वेगळा.) मी दिवसभर घरी असणार म्हणून पाणी जास्त लागेल, हा आपला मुद्दा मात्र बिनतोड. ऑफिसवाले पाणी ऑफिसातच पितात, आंघोळीचं काय करतात ते आपण विचारलं असेलच.

आता थोडं आपल्याविषयी. आपलं भाड्याचं उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येतं. करार अकरा महिन्यांचा, पुढचं कुणालाच ठाऊक नाही. फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला की जमा शून्य. शिवाय आयकर खातं भाड्यातून 30 टक्के एकाही पावतीशिवाय वजा करून देतं. मला ते गृहीत उत्पन्नाच्या योजनेत निम्मी जमा खर्च म्हणून सोडतं. म्हणजे सरकारदरबारी आपण दोघं एकाच रांगेत उभे आहोत, मी जरा पुढे. उद्या आपल्याला कुठे भाड्यानं राहायचं झालं, तर सॅलरी स्लिप कुठून आणाल?

डिपॉझिट इतरांना दोन महिन्यांचं आणि मला सहा महिन्यांचं. केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी कमाल दोनच महिने आहेत. पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. नाहीतर नुसता आदर्श, म्हणजे भिंतीवर लावायचा. मी तीन महिन्यांचं द्यायला तयार आहे, एकरकमी.

राहिली नोंदणी. "कशाला खर्च, नोटरीवर भागवू," असं आपण म्हणालात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार कराराची नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे. ती केली नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. भाडं किती ठरलं होतं, हे मग मला विचारतील, काका. नोकरी नसलेल्या बाईला.

कळावे,
आपली (होऊ घातलेली) भाडेकरू