आधीच सांगून ठेवते, काकू

काकू, पाणी भरून झालं का? मग या की जरा भिंतीशी. समोरचे आजोबा कालपासून गल्लीभर सांगत सुटलेत म्हणे, वरच्या मजल्यावर कोल्हापूरची मुलगी राहायला आलीय. टेम्पोतून सामान उतरायच्या आत माझा जिल्हा बदलून टाकला त्यांनी. मी सांगलीची. सांगली शहर, गावभाग. बँकेत लागले आणि बदली नाशिकला झाली. पगार किती आणि लग्न का नाही, हे तुम्ही घरमालकीणबाईंकडून एव्हाना काढून घेतलं असेलच. पण त्यांनाही जे ठाऊक नाही ते मीच सांगून टाकते, नाहीतर उद्या म्हणाल, पोरगी आतल्या गाठीची निघाली.

मी पक्षपाती आहे. चांगलीच.

आता हळदच घ्या. पुडीतली हळद मी घेत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात अख्खी हळकुंडं मागितली, तर तो म्हणतो, "ताई, लग्नकार्य आहे का घरी?" मी तिथंच एक मोडून बघितलं. हळकुंड कसं, कट्कन तुटलं पाहिजे आणि आत नारिंगीकडे झुकलेला पिवळा दिसला पाहिजे. वाकायला लागलं तर समजायचं, ओल राहिलीय. त्याचं वाकलं. मी ठेवून दिलं आणि आईला फोन केला, येताना घेऊन ये म्हणून. आमच्या हरिपूरला हळद जमिनीत पेवांमध्ये साठवायचे. खोल पेव, आत उतरायचं म्हणजे जिवाचं काम, आणि भरलं की तोंड लिंपून बंद. 2005च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. नाशिकच्या वाण्याला याचं काय सुतक, पण मला दुसऱ्या कुणाची हळद पसंत पडत नाही.

द्राक्षांवरून मात्र मी भांडणार नाही, तुमच्या दिरांची पिंपळगावला बाग आहे. फक्त एवढंच विचारा त्यांना, तास-ए-गणेश हे वाण कुठलं? तासगावचं. बस, झालं, पुढं बोलत नाही. मिसळीवरही नाही. तिच्यासोबत पापड आणि दही का देतात, ते तुमचं तुम्हाला माहीत. आमच्याकडे दही मागणाऱ्याकडे वेटर पेशंटकडे बघावं तसं बघतो.

काय म्हणालात? तात्यासाहेब? अहो, कुसुमाग्रजांवर माझाही जीव आहे. पण मराठीला पहिलं ज्ञानपीठ 1974 साली कुणामुळं आलं? खांडेकरांमुळं, आणि खांडेकर जन्मले सांगलीत. पुढं शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली नि बिऱ्हाड कोल्हापुरात थाटलं, हे मी कुणाला सांगत नाही. समोरच्या आजोबांना तर तुम्हीही सांगू नका. आणि तात्यासाहेबांचा जन्म पुण्याचा, हे तुम्ही तरी कुठं बोलता? नाटकाचं म्हणाल, तर 1843 साली विष्णुदास भाव्यांनी आमच्या सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्यामुळं त्यानंतरचं प्रत्येक मराठी नाटक आमचं थोडंफार देणं लागतं, असं माझं ठाम मत आहे. 'नटसम्राट' धरून. हसा, हसा. बाबांचं मत याहून कडक आहे.

पण एक गोष्ट गमतीवर नेता येत नाही मला. "मला ना, पाऊस खूप आवडतो" म्हणणारी माणसं. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर आहे एक, मेघ भरून आले की खिडकीशी जाऊन उसासे टाकते. बाई चांगली आहे, डब्यातली भाजी देते, पण त्या क्षणी माझ्या मनातून उतरते. आमच्या घरी जुलै लागला की चहाच्या आधी दोन आकडे बघतात. कोयनेत किती टीएमसी आणि आयर्विन पुलाला किती फूट. कोयना भरते 105ला. आयर्विनला 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर तिकडची माणसं त्याच्याही आधी बोचकी बांधतात. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. आम्ही मामाकडे विश्रामबागला होतो, म्हणून निभावलं. परत आलो तर फ्रिज स्वयंपाकघरात आडवा पडलेला, आणि डब्यात राहिलेल्या मटकीला हे एवढाले मोड. आईला त्याचंच हसू आलं आणि मग रडू. गाळ म्हणजे चिखल नव्हे हो काकू. तेलकट असतो. फरशीवरून निघतो, पण दाराच्या बिजागरीत अजून आहे आमच्या.

तेव्हापासून कर्नाटकातलं ते अलमट्टी धरण म्हटलं की माझं डोकं फिरतं. वडनेरे समितीनं सगळा अभ्यास करून सांगितलं की सांगलीच्या पुराला अलमट्टी कारण नाही. पाऊसच तसा कोसळला, आणि नदीच्या पात्रापर्यंत आपणच बांधत गेलो. मला पटतं ते. नदीकाठी कोण कोण बांधून राहिलंय, हे गावभागातल्या माणसाला अहवालातून कळायची गरज नाही. तरी सुट्टीला घरी गेले आणि बाबांनी अलमट्टीच्या नावानं सुरुवात केली, की त्यांच्या वरची पट्टी माझी असते. आकडे दिवसभर बँकेत तपासते मी, जेवणाच्या ताटावर नाही तपासत.

तुमच्याकडचा तो गोदावरीतला दुतोंड्या मारुती मात्र आवडला हं मला. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. फूटपट्टी नको, काही नको, देवच मापाला उभा केलाय! नाशिकचं मनापासून आवडलेलं हे पहिलंच.

नाही हो, इथं कुठलं यायला पाणी. ही गल्ली चढावर आहे. भाडं ठरवायच्या आधी मी रामकुंडापासून इथवर चालत आले होते, मुद्दाम. गंगापूर धरणातून कितीही सोडलं तरी आपल्याला काही होत नाही, माहीत आहे मला. तरीसुद्धा खालची जागा दोन हजारांनी स्वस्त मिळत असताना मी वरची घेतली. मालकांना वाटतंय, पोरीला वारा लागतो. वाटू दे तसंच. खरं कारण कळलं आणि गल्लीत पसरलं, तर त्यांना खालच्या मजल्याला भाडेकरू मिळायचा नाही.